पुडी उघडण्याआधी पाणी मोज

अगं, डब्यांचे फोटो पोचले. केल्पची पावडर, अश्वगंधा, जवसाचं तेल, 'हार्मोन बॅलन्स' असं ठळक छापलेली ती हिरवी बाटली, शिवाय कुणीतरी दिलेली गुग्गुळाची पुडी. यातलं तुझ्या कुत्र्याला, शेरूला, काय चालेल, असं विचारलंयस. आत्ता तरी काहीच नाही. सगळं एका पिशवीत बांध आणि माळ्यावर टाक. पुडी उघडण्याआधी पाणी मोज.

हार्मोनच्या आजारात एखादी ग्रंथी काम टाळते, नाहीतर नको तितकं करते. पंचाईत अशी की वरून दोन्ही सारखंच दिसतं. अंगावरचे केस दोन्ही बाजूंनी विरळ झाले, पोट सुटलं, कातडी काळवंडली, जिना चढताना मध्येच बसायला लागला. हे थायरॉइड मंदावल्यानं होतं. अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल जास्त सोडायला लागली, म्हणजे ज्याला कुशिंग म्हणतात, त्यातही होतं. एका आजारात कमी पडतंय ते द्यायचं, दुसऱ्यात जास्त होतंय ते आवरायचं. दोन्हींना एकच बाटली कशी लागू पडेल? ती बनवणाऱ्यालाच विचारायला हवं.

तर पाण्याचं. सकाळी घरातली सगळी भांडी रिकामी कर, बादल्यांवर झाकण घाल, बाथरूमचं दार लावून घे (तो कमोडमधलं पितो, मला ठाऊक आहे). लिटरच्या मापानं त्याचं भांडं भर आणि दर वेळी भरलंस की कागदावर लिही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं मोजून वजा कर. असं तीन दिवस कर. कुत्र्याला किलोमागे दिवसाला 50-60 मिलिलिटर पुरतं. 100 च्या वर गेलं की काहीतरी बिनसलंय. शेरू 30 किलोचा, म्हणजे त्याची हद्द तीन लिटर. मांजराची हद्द बरीच अलीकडे, किलोमागे 50 च्या आसपास. चार किलोचं मांजर दिवसाला 200 मिलिलिटर पीत असेल तर ते जास्तच. मे महिन्यात थोडं इकडेतिकडे होणार. ओलं खाणं देत असशील तर भांड्यातलं पाणी कमी लागणार. दोन जनावरं एकाच भांड्यात पीत असतील तर तेवढे तीन दिवस त्यांना वेगळ्या खोल्यांत ठेव.

थायरॉइड मंदावलं तर सहसा तहान वाढत नाही. कुशिंगमध्ये आणि मधुमेहात वाढते. मूत्रपिंड बिघडलं तरी वाढते. म्हणजे एका मापानं निम्मी वाट कळते, आणि डॉक्टरही 'खूप पितो हो' यापेक्षा 'दिवसाला साडेतीन लिटर' हे जास्त लक्ष देऊन ऐकतात. एक मात्र गाठीला बांध. नसबंदी न झालेली कुत्री माजानंतर महिना-दोन महिन्यांत एकदम घटाघटा पाणी प्यायला लागली आणि मलूल झाली, तर मोजत बसू नकोस. गर्भाशयात पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आता थायरॉइड. लॅब्रेडॉर, गोल्डन, डॉबरमन अशा जातींत मध्यम वयात हे येतं. खाणं तेवढंच, तरी वजन चढतं. शेपटीवरचे केस जाऊन ती उघडी पडते, कातडीवर पुन्हा पुन्हा फोड येतात, आणि पुण्याच्या साध्या थंडीतही उन्हाचा पट्टा सोडवत नाही. बहुतेक कुत्र्यांत शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच ग्रंथी पोखरते, नाहीतर ग्रंथी आपसूक सुकते. आयोडीन कमी पडल्यामुळे हे होत नाही. तयार खाण्यात आयोडीन असतंच. मग समुद्री शेवाळाची ती पावडर कुणासाठी? वापरायला ग्रंथीच शिल्लक नाही, आणि जी उरलीसुरली आहे ती आयोडीनच्या अतिरेकानं आणखी दबते. केल्प कायमचा बाद, कुत्र्याला आणि मांजरालाही.

रक्तात नुसता टी-फोर, म्हणजे थायरॉइडचा हार्मोन, कमी आला म्हणून कुणी औषध सुरू करत असेल तर थांबव. कानाचा जुनाट संसर्ग, फिटसाठीचं फिनोबार्बिटोन, स्टिरॉइड, सल्फाची औषधं, यांनीही टी-फोर उतरतो, ग्रंथीला स्वतःचा आजार नसतानाही. सोबत फ्री टी-फोर आणि टीएसएच करून घे. तू स्वतः केसांसाठी बायोटिन घेतेस, त्यातलं त्याला देत असशील तर तपासणीआधी डॉक्टरांना सांग. काही यंत्रांवर त्यानं हार्मोनचे आकडे चुकतात.

औषध तेच, जे तुझ्या आईला आहे, थायरॉक्सिन. मात्रा ऐकून मेडिकलवाला मात्र डोळे विस्फारेल. माणसाला दिवसाला 100 मायक्रोग्रॅमच्या आगेमागे पुरतं. कुत्र्याचं शरीर ते भराभर संपवतं, म्हणून किलोमागे 20 मायक्रोग्रॅम, तेही दिवसातून दोनदा, अशी सुरुवात असते. 30 किलोला एका वेळी 600. हृदय कमजोर असेल तर डॉक्टर स्वतः कमीपासून चढवतात. काउंटरवरच्या माणसाच्या सांगण्यावरून चिठ्ठीतली मात्रा निम्मी करायची नाही, आणि आईच्या डबीतली एक गोळी चारून 'उतार नाही' असंही म्हणायचं नाही. गोळी रोज एकाच वेळी आणि एकाच तऱ्हेनं दे, शक्यतो रिकाम्या पोटी. कॅल्शियम, लोह, सोया यांनी गोळी नीट शोषली जात नाही, म्हणून त्यात चारेक तासांचं अंतर ठेव. तपासणीसाठी रक्त गोळीनंतर चार ते सहा तासांनी द्यायचं.

पंधरा दिवसांत डोळ्यांत तरतरी दिसते. केस मात्र महिने घेतात, आणि सुरुवातीला उलट जास्त गळतात, कारण खालून नवे यायला लागले की जुने मेलेले सुटतात. नेमक्या याच वेळी घरातलं कुणीतरी म्हणतं, बघ, गोळीनं आणखी टक्कल पडलं. त्यांना चहा दे आणि गोळी चालू ठेव.

कुशिंगचा संशय आला तर पहिलं काम तपासणीचं नाही, घरातलं कपाट उघडायचं. कानातले थेंब, खाजेचं मलम, दर पावसाळ्यात 'खाज थांबायला' दिलेलं इंजेक्शन, सगळ्यांची नावं उतरवून काढ. यांतल्या कित्येकांत स्टिरॉइड असतं, आणि ते महिनोन्‌महिने गेलं की कुशिंग आपणच तयार करतो. बिननावाच्या पुडीनं चार दिवसांत खाज थांबली आणि भूक दुप्पट झाली, तर देवाचे आभार मानायच्या आधी शंका घे. वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं वारंवार सापडलंय. तरीही ते झटक्यात बंद करू नकोस. इतके दिवस झोपवून ठेवलेली ग्रंथी लगेच उठत नाही. उलटी, थरथर, आणि मग कुत्रा कोसळतो. डॉक्टर आठवड्या-आठवड्यानं उतरवतात तसंच उतरव. तुझ्या वहिनी हातावर हार्मोनचं जेल लावतात ना? लावल्यावर बाही खाली आणि कुत्र्याला चाटू द्यायचं नाही. त्यानंही केस जातात.

औषधांमुळे झालेलं नसेल तर 100 पैकी 80-85 कुत्र्यांत मूळ मेंदूखालच्या पिट्युइटरीत असतं, बाकीच्यांत अ‍ॅड्रिनलमध्येच गाठ असते. कॉर्टिसॉल आवरणारं ट्रायलोस्टेन जेवणासोबत द्यायचं. त्यावर असताना कुत्र्यानं ताटाकडे पाठ फिरवली, उलट्या झाल्या, पाय लटपटले, तर पुढची कॅप्सूल देऊ नकोस आणि डॉक्टरांना फोन लाव. कुशिंगचा कुत्रा जेवण सोडतो ही चांगली खूण कधीच नसते.

आणि ज्येष्ठमध! खोकल्याच्या काढ्यात असतं, चवीला गोड, म्हणून लोक सर्रास देतात. त्यातलं ग्लिसिरायझिन कॉर्टिसॉलचा परिणाम वाढवतं, रक्तदाब चढवतं आणि पोटॅशियम उतरवतं. कुशिंगच्या कुत्र्याला ते नको म्हणजे नकोच.

मांजराचं गणित उलट. मांजराचं थायरॉइड मंदावत नाही म्हटलं तरी चालेल, ते भडकतं. हा आजार मांजरांत पहिल्यांदा नोंदवला गेला 1979 साली न्यूयॉर्कमध्ये, तेव्हा त्याचं निदान हेच तसं अलीकडचं. दहा वर्षांपुढचं मांजर, वखवखून खातं, तरी पाठीचा कणा हाताला लागतो. रात्री घरभर ओरडत फिरतं, केस तेलकट गुठळ्यांचे होतात, मध्येच ओकतं. घरचे कौतुकानं सांगतात, म्हातारी पुन्हा पिल्लू झाली! त्या कौतुकात वर्ष जातं. ते आवरायला कार्बिमाझोल किंवा मेथिमाझोल चालतं. सुरुवातीच्या आठवड्यांत तोंड ओरबाडायला लागली तर डॉक्टरांना कळव, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिनं गोळीला उघड्या हातानं शिवू नये. थायरॉइड ताब्यात आलं की आजवर झाकलेलं मूत्रपिंडाचं दुखणं कधीकधी वर येतं, म्हणून क्रिएटिनिन पुन्हा बघायचं. अश्वगंधेनं थायरॉइडचे हार्मोन वाढू शकतात. तेव्हा तुमच्या शेजारच्या काकू त्यांच्या माऊला देताहेत ना, त्यांना आजच सांग.

काकूंचं आणखी एक. घर शाकाहारी, आणि मांजर दूध-पोळीवर. टॉरिन नावाचं अमिनो आम्ल मांजराच्या शरीरात पुरेसं बनत नाही आणि वनस्पतींत ते जवळजवळ नसतंच. ते न मिळाल्यानं मांजराचं हृदय फुगून निकामी होतं, हे 1987 साली सिद्ध झालं. घरात मांस शिजवायचं नसेल तर मांजरांचं तयार ओलं खाणं आणा म्हणावं. थायरॉइडनं आधीच धडधडणारं हृदय आणि वर टॉरिनचा तुटवडा, यापुढे कुठली पुडी चालणार?

मधुमेहात पूरक औषधांचं सगळ्यात जास्त पीक येतं, आणि तिथेच ती सगळ्यात कमी कामाची. मेथी, कारलं, जांभळाच्या बियांची पूड. कुत्र्याचं स्वादुपिंड इन्शुलिन बनवायचं जवळजवळ थांबलेलं असतं. बियांच्या पुडीतून ते येणार नाही. 1921 साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळं काढलं ते कुत्र्यांवर प्रयोग करूनच. ज्यांच्या जिवावर औषध सापडलं त्यांनाच ते नाकारून कारल्याचा रस पाजणं मला तरी बघवत नाही. मांजराचं थोडं आशेचं आहे. वजन उतरवलं, पिठूळ खाणं काढलं, इन्शुलिन लवकर सुरू केलं, तर काही मांजरांचं इन्शुलिन पुढे सुटतंही. कुत्री नसबंदी न झालेली असेल तर माजानंतरच्या हार्मोनमुळे इन्शुलिन लागू पडत नाही. तिथे ऑपरेशन हाच उपचार.

एक गोष्ट हातात घेऊन दाखवावी अशी आहे, पण लिहूनच सांगते. आपल्याकडे इन्शुलिनच्या कुप्या 40 युनिटच्याही मिळतात आणि 100 च्याही. लाल टोपीची सिरिंज 40 ची, नारिंगी टोपीची 100 ची. 100 ची कुपी आणि लाल टोपी अशी जोडी झाली की अडीचपट इन्शुलिन जातं. रात्री साडेदहाला मेडिकलमधला पोरगा 'एकच असतं सगळं' म्हणेल. कुपीवरचा आकडा आणि टोपीचा रंग तू स्वतः बघ. जनावर जेवलं नाही तर नेहमीची पूर्ण मात्रा द्यायच्या आधी डॉक्टरांना विचार. लडखडलं, शून्यात बघू लागलं, तर ग्लुकोज पावडर पाण्यात भिजवून बोटानं हिरड्यांना चोळ. शुद्ध नसेल तर तोंडात काही ओतू नकोस, ठसका लागून फुप्फुसात जाईल. चोळतच गाडीत बस.

मधुमेही मांजर कधीकधी मागच्या टाचा जमिनीला टेकवून चालायला लागतं. ते नसांचं दुखणं. साखर ताब्यात आली की पुष्कळदा सुधारतं, आणि मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी-12, जोडीला द्यायला हरकत नसते. पण माणसांच्या 'नसांच्या गोळी'त मिथाइलकोबालामिनसोबत बऱ्याचदा अल्फा लिपोइक अ‍ॅसिड असतं, आणि ते मांजराला विष आहे, थोडकंही. पट्टीच्या मागची बारीक अक्षरं चष्मा लावून वाच. तसंच झायलिटॉलचं. 'शुगर फ्री' गमी, च्युइंगगम, पीनट बटर यांत ते असतं आणि कुत्र्याची साखर धाडकन पाडतं.

आता म्हणशील, मावशी सगळ्यालाच नाही म्हणते. तसं नाही. पूरक म्हणजे ताटातलं लोणचं, जेवणाला चव आणतं पण त्यावर पोट भरायचं नाही. जेवण, म्हणजे खरं औषध, वाढून झालं की मग खुशाल वाढ.

माझ्या यादीत पहिली तारली. बाजारात स्वस्तात मिळते, ओमेगा-3 भरपूर. पोट साफ करून, मीठ-हळद-मसाला काही न लावता थोड्या पाण्यात कुकरला चांगल्या शिट्ट्या दे, काटे बोटांत चुरडतील इतकी मऊ होईपर्यंत. शेरूला आठवड्यातून दोन-तीनदा एखाद-दोन तारल्या, आणि तेवढं त्याचं बाकीचं खाणं कमी. कच्ची द्यायची नाही. कच्च्या माशातलं एक द्रव्य बी-1 मोडतं. मासा घरात येत नसेल तर फिश ऑइलची कॅप्सूल चालेल, पण हिशेब नीट कर. पाकिटावरचे 1000 मिलिग्रॅम हे तेलाचं वजन. त्यात ईपीए आणि डीएचए, म्हणजे कामाचं ओमेगा-3, मिळून साध्या कॅप्सूलमध्ये 300 च असतात. कुत्र्याला किलोमागे 50-75 मिलिग्रॅमपर्यंत ईपीए-डीएचए देतात, पण चौथाईपासून सुरू कर, नाहीतर फरशी पुसत बसशील. ऑपरेशन ठरलं असेल तर डॉक्टरांना सांग, कारण यानं रक्त गोठायला किंचित उशीर लागू शकतो. कॉड लिव्हर ऑइल वेगळं. त्यातलं ए आणि डी साठत जातं. जवसाच्या तेलातलं ओमेगा मांजराला जवळजवळ वापरताच येत नाही, म्हणून तिच्यासाठी मासाच. आणि जवसाची चटणी कुणालाच नको, तीत लसूण असते. लसूण-कांद्यानं लाल पेशी फुटतात.

दुसरं मेलाटोनिन. पॉमेरेनियनच्या अंगाचे केस जातात, डोकं आणि पाय मात्र झुबकेदार राहतात, कुत्रा एरवी खेळकर, आणि थायरॉइड-कुशिंग तपासून कोरे निघालेले असतात. तिथे मेलाटोनिननं काहींचे केस परत येतात. दोन-तीन महिने वाट बघावी लागते. नाही आले तरी त्यात फक्त रूपाचाच प्रश्न, त्याला थंडीत झबलं शिव. कुशिंगच्या सौम्य प्रकारांत काही डॉक्टर मेलाटोनिनसोबत जवसाच्या टरफलातलं लिग्नन देतात. पुरावा तोकडा आहे, पण डॉक्टरांच्या नजरेखाली आणि ट्रायलोस्टेनच्या बदली नव्हे, या अटीवर मी अडवणार नाही.

मधुमेही कुत्र्याला चोथा मानवतो. उकडलेला लाल भोपळा, बिनफोडणीचा, किंवा पाव चमचा इसबगोल भरपूर पाण्यात, जेवणात कालवून.

खोबरेल तेलानं थायरॉइड सुधारतं असं तुला कुणीतरी पटवलेलं दिसतंय. मोठ्या चमच्यात 120 च्या आसपास कॅलरी. दहा किलोच्या, नसबंदी झालेल्या, सोफ्यावर लोळणाऱ्या कुत्र्याचा दिवसाचा कोटा 500-600 चा. हार्मोन बिघडलेल्या कुत्र्यांच्या रक्तात आधीच चरबी जास्त, त्यात तूप-तेल गेलं की स्वादुपिंडाला सूज यायचा धोका. ते तेल तू आपल्या केसांना लाव.

नवीन काही सुरू करशील तर एका वेळी एकच, आणि पुढचं तीन-चार आठवड्यांनी. फ्रिजवरच्या त्याच कागदावर तारीख, नाव, मात्रा, शीचा पोत, पाणी, आणि रविवारचं वजन. परळच्या बैलघोडा इस्पितळात शिकत होते तेव्हा तिथले जुने कंपाउंडर सांगायचे, मालकाचं तोंड काय म्हणतं ते ऐका, पण वही काय म्हणते ते माना. डॉक्टरांकडे जाताना कागद आणि माळ्यावरची पिशवी दोन्ही घेऊन जा. लपवायचं नाही, वनौषधी दिल्याचं सांगायला लोक लाजतात, आणि मग आकडे का जुळत नाहीत ते कुणालाच कळत नाही.

गणपतीला गावी जाताना शेरूला ज्यांच्याकडे ठेवशील त्यांना गोळ्या सुट्या डबीत देऊ नकोस, पट्टीसकट दे. चिठ्ठीवर वेळ, मात्रा, जेवणाआधी की जेवणासोबत, आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर लिही. खाली मोठ्या अक्षरांत: जेवला नाही तर मला फोन करा, मोदक देऊ नका.